नागपूरला राहिलेला डबा

मंडळी, आधीच सांगतो... मी या भानगडीतला माणूस नव्हे. दारावर टांगलेली लिंबू-मिरची दिसली की मला सरबत आठवतं. या ग्रुपवर इतकी वर्षं मी तुमच्या गोष्टींना हसायलाच थांबलो होतो. आता तुम्ही हसा. पाळी तुमची.

स्थळ — मुलुंड पूर्व, तिसरा मजला, आमचा हॉल. वेळ — रविवार, दुपारची जेवणं नुकतीच झालेली. बाहेर लख्ख ऊन, आत वॉशिंग मशीन गरगरतंय. भुताने यावं असं वातावरण अजिबात नाही. घरात मी, बायको सुजाता आणि माझी आई.

नागपूरला शांतामावशीच्या नातीचं लग्न होतं आणि आम्ही गाडीने जायचं ठरवलं होतं. रस्ता कसा, तर पट्टीने आखल्यासारखा! वळण नाही, टपरी नाही, शिव्या द्यायला खड्डासुद्धा नाही. अशा रस्त्यावर झोप लागते. त्यावर आमच्या घरात एक जुना उपाय आहे. माझे वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्रायव्हर होते. लांबच्या प्रवासाआधी ते घरातच तालीम घ्यायचे. खुर्च्या गाडीसारख्या मांडायच्या, सगळ्यांना बसवायचं, आणि कुठल्या टप्प्यावर कोणी ड्रायव्हरशी बोलायचं, कोणी गायचं, कोणी भांडायचं ते ठरवायचं. बाबा गेले, पण तालीम राहिली.

खरी अडचण आईची होती. तिच्या कंबरेचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केलाय. तिकडे मावशीलाही घराबाहेर पडवत नाही. दोघी बहिणींची कित्येक वर्षांत भेट नाही. व्हिडिओ कॉल करतात, पण त्यात आईला मावशीचा पंखा दिसतो आणि मावशीला आईचं कपाळ. लग्नाचं ठरल्यापासून आई गप्प गप्प होती.

म्हणून मी म्हटलं, "आई, तालमीला तरी चल. पुढची सीट तुझी."

आईचा चेहरा असा खुलला म्हणता! आत जाऊन ठेवणीतली साडी नेसून आली. मांडीवर स्टीलचा डबा. त्यात सुक्या बोंबलाची चटणी — विक्रोळीच्या चाळीत मालवणी शेजारणीकडून शिकलेली. मावशीचा त्यावर जीव.

"आई, तालीमच आहे," सुजाता म्हणाली.

"असू दे. रिकाम्या हाताने जायचं का?"

मी फाटक्या बनियनवर, हातात जेवणाचं ताट स्टिअरिंग म्हणून धरलेलं. तोंडाने फर्स्ट गिअर टाकला. सुजाता मागच्या खुर्चीवरून मोबाइलवर नकाशा वाचत होती. "चेकनाका... भिवंडी... इगतपुरी... अरे ब्रेक मार ना, पुढे ट्रक आहे!" मेहकरच्या पुढे मी मुद्दाम डुलक्या काढल्या, तर आईने खरोखर मांडीला चिमटा काढला. हसून हसून आमची वाट लागली. एवढं मात्र आठवतं, की वर्ध्याच्या आसपास माझ्या उजव्या हाताला ऊन चटकायला लागलं. उजवीकडे आमचं कपाट आहे.

"आलं नागपूर," आई म्हणाली. डबा घेऊन उठली आणि हळूहळू स्वयंपाकघरात गेली. मी उठायला लागलो तशी सुजाता ओरडली, "हँडब्रेक कोण लावणार? बस तिथेच!" मी ताट धरून बसून राहिलो.

आई बऱ्याच वेळाने बाहेर आली. डोळे ओले आणि चेहरा... लहान मुलीसारखा.

"बारीक झाली गं शांता," ती सुजाताला म्हणाली. "फार बारीक झाली."

रात्री जेवताना मी चटणी मागितली, तर डबा नाही! फ्रिज, माळा, वॉशिंग मशीनच्या मागे — कुठेच नाही.

"खाल्लीस ना?" सुजाता माझ्याकडे बघत होती. "डब्यासकट खाल्लीस?"

"शांताला दिला की," आई शांतपणे म्हणाली. "तुमच्यासमोरच नेला."

आम्ही हसलो, पण झोपताना सुजाता हळूच म्हणाली, "राजू, आईंना भास होतायत का रे?" हसतखेळत केलेल्या तालमीने आईच्या डोक्यात काही हललं तर नाही? आठवडाभर ती तेच सांगत राहिली आणि आम्ही मान डोलवत राहिलो. त्यात आणखी एक गंमत — मावशी फोनवर माझ्याशी बोलेना. "त्याले सांग, मी कामात हावो," एवढंच. शेवटी सुजाताने डॉक्टरांची वेळ घेतली, लग्नाहून परतल्यानंतरची.

मग आम्ही गेलो. खरी गाडी, खरा रस्ता, आणि तालमीपेक्षा कितीतरी कंटाळवाणा. मावशीच्या दारात पोचलो. बघतो तर मावशी खरंच काडीसारखी झालेली.

"जयभीम, मावशी."

"जयभीम मंग! काहून बे राजा, त्या दिवशी मायले दारात उतरवून दिलं अन् तू गाडीतच बसून राह्यला? येवढा कोणता राग होता तुले?"

मी सुजाताकडे पाहिलं. सुजाता मावशीच्या मागे फळीकडे बघत होती. तिथे एक स्टीलचा डबा होता. त्यावर कोरलेलं नाव माझ्या सासूबाईंचं! तो डबा त्यांच्याकडून आमच्याकडे आला होता आणि नेहमीप्रमाणे परत जायचा राहिला होता. नागपूरला त्यांचा डबा येण्याचं काहीही कारण नाही. मी झाकण उघडलं. घासून पुसून लख्ख... पण बोंबलाचा वास कुठे जातोय?

निघताना मावशीने डबा सांडग्या मिरच्यांनी भरून दिला. डबा रिकामा कसा परत द्यायचा?

घरी आईने तो उघडला आणि तोंड वाकडं केलं. "मी कुरडया सांगितल्या होत्या तिला." डॉक्टरांची वेळ सुजाताने त्याच संध्याकाळी रद्द केली.

पुढच्या रविवारी मी न सांगता खुर्च्या मांडल्या. ताट, गिअर, नकाशा, सगळं तसंच. आई म्हणाली, "आलं नागपूर," आणि उठली. या वेळी मी हँडब्रेक ओढला आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरलो.

काय दिसलं? गॅस. मिक्सर. पाण्याचा फिल्टर. आई ओट्याला हात टेकून खिडकीकडे बघत हसत होती. खोटं कशाला बोलू, हिरमुसलो... आणि बाहेर येऊन बसलो.

संध्याकाळी फोन वाजला. मावशी. आज तिला माझ्याशीच बोलायचं होतं.

"आज आत आला, बरं वाटलं बापा," ती म्हणाली. "पण पाहुणा म्हणून येतोस, तर फाटकी बनियन घालून काहून येतोस बे?"

मंडळी, आईला विचारलं तर म्हणते, "त्यात काय एवढं?" तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर खाली जरूर लिहा. तोपर्यंत मी एवढंच करतो — दर रविवारी, जेवण झाल्यावर, इस्त्रीचा शर्ट घालून ताट हातात घेतो.