कोटांच्या कपाटातलं स्तोत्र

जानेवारी २०२१मध्ये आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या मराठी मंडळींत कुजबुज होती, की वैदेही बाटली. घरच्या कपाटात बसून लॅटिनमध्ये प्रार्थना करते म्हणे. मीही ती बातमी चवीने पुढे ढकलली, खोटं कशाला बोलू?

वैदेही औषधांच्या कारखान्यात नोकरीला, आणि दर गुरुवारी चर्चच्या गायकवृंदात. शेजारी उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या नोराने तिला चारशे वर्षांपूर्वीच्या चालींची लॅटिन स्तोत्रं शिकवली होती : एक ओळ सगळ्यांनी एका सुरात, पुढची चार आवाजांत. ती नोरा कोविडने गेली. अंत्यविधीला दहाच माणसं, गायकवृंदाला मज्जाव. म्हणून प्रत्येकाने आपला आवाज घरी रेकॉर्ड करून पाठवायचा होता.

आमच्यातलीच सुचित्रा तिळगुळाचा डबा द्यायला आली, तेव्हा तिने कपाटातून येणारा तो आवाज ऐकला. दोन दिवसांनी खात्री करायला पुन्हा आली आणि नेमकी शेवटच्या ओळीला बेल वाजवली.

वैदेहीने डबा हातात घेऊनच दार उघडलं.

"सुचित्राताई, नाशिकला आईला फोन तुम्हीच केलात ना? ती माझ्याशी बोलत नाही."

"अगं, काळजीपोटी..."

"हा तिळगूळ परत न्या. गोड बोलायची गरज तुम्हाला जास्त आहे. उद्या नोराला पुरणार आहेत, आणि तुमच्यामुळे माझी ओळ बिघडली."

दार आपटून ती पुन्हा कपाटात शिरली आणि रागातच ती ओळ पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी दहा माणसांनी ती ऐकली.

वैदेही बाटली नव्हती. कोटांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून ती कपाटात गात होती.