दुसऱ्या पसंतीचा नवरा

शारजाच्या विमानतळावर माझी बॅग आली ती लाल ठिबकतच. चिपळूणहून आणलेली कोकमाच्या आगळाची एक बाटली आत फुटली होती. तिथल्या अधिकाऱ्याने बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ब्लड?"

"सोलकढी," मी म्हणाले.

त्याने सुस्कारा टाकला आणि हात हलवला. "यल्ला, यल्ला!" (चला, निघा.)

धाकटा भाऊ सुधीर अल मजाजला राहतो, खालिद सरोवराच्या काठी. मे महिन्यात ते निळं पाणी सूर्य मावळेपर्यंत काचेआडूनच पाहायचं. समोरच्या फ्लॅटमध्ये फियोना राहते. मूळची स्कॉटलंडची, इथल्या शाळेत संगीत शिकवते. वाचलेल्या बाटलीतल्या आगळाची सोलकढी केली, तर बाई लागोपाठ दोन ग्लास प्याल्या आणि मग मन मोकळं करू लागल्या. माझी भावजय वंदना मराठीत सांगत होती.

फियोनाची थोरली बहीण जीन गावाकडे कौन्सिलच्या निवडणुकीला उभी होती. गावची शाळा बंद व्हायला आलेली, ती वाचवायला.

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं.

"ताई, त्याच वॉर्डात हेमिशही उभा आहे. जीनचा आधीचा नवरा. घटस्फोटापासून दोघांत अबोला आहे."

मी खुर्ची पुढे ओढली.

वॉर्डातून तिघं निवडून येणार होते आणि मतपत्रिकेवर एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालायचे होते. मला हुरूपच आला. शिक्षिका म्हणून शिक्षक मतदारसंघात मत देताना मी जन्मभर दुसरं काय केलं? फियोना परदेशी राहते म्हणून तिला मत नव्हतं, पण गावात मावश्या, आत्या रग्गड.

"तिला सांग," मी वंदनाला म्हटलं, "हेमिशला देऊ नका असं कुणाला म्हणू नकोस. माणसं दुखावतात. एक नंबर जीनला द्या, पुढचे तुमच्या मर्जीने, एवढंच म्हण."

"ताई, नसती उठाठेव कशाला?"

"शाळेचा प्रश्न आहे," मी गंभीरपणे म्हणाले. खरं तर एसीत बसून मला कंटाळा आला होता.

फियोनाने घरोघरी फोन केले. मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी मतमोजणी. शारजात शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे सुरमई तळून आम्ही सगळे फियोनाच्या लॅपटॉपसमोर बसलो. माझी भाची ईरा वाचून सांगत होती.

"आत्या, जीन जिंकली! फर्स्ट काउंट!"

फियोनाने मला मिठी मारली. "खलास!" (संपलं!) म्हणत सुधीर चहा टाकायला उठला.

"थांब. अजून दोन जागा आहेत," मी म्हणाले. जीनला गरजेपेक्षा जास्त मतं पडली होती आणि तो जादा वाटा दुसऱ्या पसंतीकडे जाणार होता.

"हेमिश इज गोइंग अप," ईरा म्हणाली. थोड्या वेळाने, "तोही जिंकला."

फियोनाने तडक मावशीला फोन लावला. मावशी शांतपणे म्हणाली, "तुझ्या सांगण्याप्रमाणे एक नंबर जीनला. दोन नंबर हेमिशला. बर्फात गाडी रुतली की ट्रॅक्टर घेऊन तोच येतो ना." सगळ्या गोतावळ्याने हेच केलं होतं.

वंदनाने माझ्याकडे असं पाहिलं की मी सुरमईचे काटे गोळा करायला लागले.

तेवढ्यात जीनचाच फोन. फियोनाने स्पीकर लावला. "मावश्यांना हे शिकवलं कुणी?"

"इथे एक भारतीय तज्ज्ञ आलीय."

मग जीन म्हणाली, "तिला सांग, हेमिशही त्याच शाळेत शिकलाय. शाळेच्या बाजूने आता दोन हात वर होतील. पण पाच वर्षं त्याचं तोंड बघायचं म्हणजे..." आणि ती खो खो हसत सुटली. वंदना अर्थ सांगेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

चिपळूणला परतल्यावर ह्यांनी विचारलं, "काय काय पाहिलंस?" मी स्कॉटलंडबद्दल बोलत राहिले आणि हे गोंधळून ऐकत राहिले. आपण एक देश पाहायला जातो आणि शेजारच्या दारातून भलताच देश आत येतो. हल्ली मी प्रवासाला जाते ती बहुधा अशा दारांसाठी.

परवा वंदनाचा फोन आला. कौन्सिलचं ऑफिस जीनच्या गावापासून दोन तासांवर. पहिल्या बैठकीला जीनची गाडी बंद पडली, म्हणून ती हेमिशच्या गाडीत गेली. मागच्या सीटवर, तोंड फिरवून. येताना मात्र पुढे बसली.

"मिटलं वाटतं?" मी विचारलं.

"छे! मागून भांडलेलं त्याला ऐकू जात नव्हतं म्हणून."