डॉक्टरांनी न विचारलेला प्रश्न

“अठ्ठावीस,” डॉक्टरांनी कागदावर बेरीज मांडली. “तुम्हाला अँग्झायटी न्यूरोसिस आहे.” म्हणजे चिंतेचा आजार. हृदय ठणठणीत आहे, असंही ते म्हणाले. मला सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटत होतं.

१९७६चा उन्हाळा होता. मी नागपुरात टेलिफोन ऑपरेटर होते. बाळंतपणानंतर कामावर गेले आणि हेडफोन लावला की छाती धडधडायची. ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, दोनदा काढला. काही निघालं नाही. मी रजा टाकली.

घरी तर मी मुलीला उचलणंच सोडलं होतं. सासूबाई विचारायच्या, “काहून वं, पोरगी रडून राहिली, घेत काहून नाही तिले?” मी पातेली घासत राहायचे.

शेवटी यजमानांनी मनोविकाराच्या ओपीडीत नेलं. वाळ्याच्या ओल्या पडद्यातून गार वास येत होता. बाकावर बसल्या बसल्या माणसं, भिंती, सगळं दूर दूर तरंगत गेलं. नाव पुकारलं तेव्हा ते माझंच आहे, हे उशिरा कळलं.

आत रेटिंग स्केल होतं, म्हणजे त्रास मोजायचा तक्ता. चौदा बाबी, प्रत्येकीला शून्य ते चार गुण. झोप, पोट, छाती, सगळं खरं सांगितलं. भीती वाटते का, यावर मात्र “नाही” म्हटलं. शेजारी यजमान होते.

चौदावी बाब डॉक्टरांनी विचारलीच नाही. ते माझ्या हातांकडे बघत होते. पदराच्या काठाचे धागे मी उसवून काढले होते. “ही विचारायची नसते, समोरच्याच्या वागण्यात बघायची असते,” ते म्हणाले. मग यजमानांना पाणी आणायला पाठवून त्यांनी भीतीचं पुन्हा विचारलं.

“मुलगी माझ्या हातून पडेल,” मी म्हणाले. त्यांनी शून्य खोडून चार लिहिले. दारात यजमान पेला घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

घरी जाताना रिक्षात ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “मले सांगायचं ना. खाली गादीवर बसू. मी जवळ राहतो, तू घे तिले.”

तसंच केलं. रोज दहा मिनिटं. सोबत गोळ्या, सावकाश श्वास. पहिल्या दिवशी मुलगी माझ्या मांडीवर झोपली आणि दुपार कुठे विरली, कळलं नाही. महिन्याभराने बेरीज एकोणीस झाली, दिवाळीनंतर आठ. शून्याची वाट बघू नका, डॉक्टर म्हणाले. मी आठ घेऊनच पुन्हा कामावर रुजू झाले.

तुमच्यापैकी कुणापुढे असा तक्ता आला, तर सोबतच्या माणसाला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगा. सगळं खरं बोलून झालं की त्याला आत बोलवा.