केकताडाच्या दांड्यातला आवाज

नाटकात मी राजा व्हायचो तेव्हा विंगेतून तुतारी फुंकायचा तो कडुबा. तिचा सूर चढला की प्रेक्षक माना वर करायचे आणि मग टाळ्यांत मी पाऊल टाकायचो. त्या टाळ्यांतल्या निम्म्या तरी कडुबाच्या होत्या.

आता तो पडेगावला असतो. पुढचे दात गेले, कवळी आली आणि तुतारी मुकी झाली. फुंकली की नुसती हवा. लग्नाच्या सुपाऱ्या थांबल्या, तसं त्याचं बोलणंही आटलं. मध्यंतरी मात्र त्याचा फोन आला, "राजे, या. लई घोटाळा झालाय."

गेलो तर हौदात एक लांबलचक दांडा आडवा पडलेला आणि नाक धरावं असा वास. नातीनं, विशाखानं, त्याला मोबाईलवर डिजरीडू दाखवलं होतं. परदेशातलं लांब, पोकळ फुंकवाद्य. ते केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, वाळल्या दांड्याचंही करतात, हे कळताच कडुबानं बांधावरचा दांडा तोडून आणला. पण त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या केकताडाचे दोर वळलेले. दोरासाठी पानं पाण्यात कुजवतात, म्हणून त्यानं दांडाही कुजवला.

"आतला भुसा मऊ पडंल म्हणलं, तर आख्खा दांडाच लिबलिबीत!"

"आवं, वाद्य करायचं का दावं?" त्याची बायको भामाबाई ओट्यावरून म्हणाली.

"मला काय ठावं? केकताड म्हणलं की हात हौदाकडंच जातो."

दुसरा दांडा त्यानं कोरडा ठेवला. उभा चिरला, आतला भुसा खरवडला, दोन्ही फाका चिकटवून सुतळीनं आवळल्या, तोंडाला मेण लावलं. वाजवायच्या दिवशी मला पुन्हा बोलावलं.

त्यानं ओठ आवळले, गाल फुगवले, दांडा तुतारीसारखा आभाळाकडं उचलला. हवा. पुन्हा हवा.

"ह्यातबी माझा दम मेला, राजे."

मी मोबाईलवर डिजरीडूचा वादक लावून पाहिला. त्यानं दांड्याचं टोक जमिनीवर टेकवलं होतं आणि ओठ सैल सोडले होते. तसं सांगितलं, तर कडुबा माझ्याकडं बघतच राहिला. "ओठ ढिल्ले सोडून कुठं वाजवतेत व्हय?"

"म्हशीवानी फुरफुर करा," भामाबाई हसली.

त्यानं तसं केलं. जमिनीतून वर यावा असा जाड, घुमणारा आवाज निघाला. विहिरीची मोटार कुणी लावली, म्हणून शेजारीण डोकावली.

कडुबा थांबला. आनंदापेक्षा गोंधळच जास्त दिसत होता. "वाजलं. पण राजे, तुतारीत एक दम मारला की झालं. ह्याला ना चढ ना उतार, हे संपवायचं कुठं?"

पडदा कधी पडणार हे जन्मभर ठाऊक असलेला मी, पण मलाही सांगता येईना.

"च्या व्हईस्तोवर वाजवा, मंग बघू," म्हणून भामाबाई आत गेली.

तो पुन्हा फुंकू लागला. चहा आला. कुठं थांबायचं ते त्याला अजून कळलं नव्हतं, आणि आम्हीही कुणी सांगितलं नाही.