गाडी दिली, चावी नाही

आमची गाडी विकायला काढली तेव्हा शेजारी म्हणायचे, टाकी भरून द्या, तेवढ्या पेट्रोलचीच काय ती किंमत येईल. मला राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, त्यांचं फारसं चुकत नव्हतं. गाडी मूळची पांढरी. खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोलीजवळच्या आमच्या मुळगावच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक ओळीनं जायचे आणि त्या लाल धुळीत गाडीचा रंग जो गेला तो गेलाच. पुढे खाणी थंडावल्या, पण दार जोरात लावलं की फटीतून चिमूटभर लाल माती अजून खाली पडायची. मागच्या सीटपुढचा पत्रा कुजून गेला होता, तिथं फळी टाकली होती. सायलेन्सर तारेनं बांधलेला. हॉर्न स्टिअरिंग डावीकडे वळवलं तरच वाजायचा, त्यामुळे उजवीकडे वळताना आईला खिडकीतून तोंडानं ओरडावं लागायचं. आणि ती ओरडायची.

हो, गाडी आईची. बाबा खाणीवर कारकून होते आणि त्यांना चाकाला हात लावायची भीती. आईनं मात्र चाळिशी उलटल्यावर शेजारच्या एका ट्रकवाल्याच्या मागे लागून गाडी शिकून घेतली. नऊवारीतल्या आजीनं नातीला म्हटलं असतं तसं बाबा तिला म्हणाले होते म्हणे, की बायकांनी ट्रकांच्या मधे शिरू नये. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एकटीच गाडी घेऊन पेडण्याला माहेरी जाऊन आली. पुढे सगळ्या वाड्याला सवय झाली. कुणाला ताप, कुणाला कळा, कुणाची म्हापशाच्या इस्पितळात जायची घाई, लोक आमच्या दारात येऊन उभे. शेजारची सून तर अस्नोड्याच्या पुलावर गाडीतच बाळंत व्हायची राहिली. त्या दिवशी आईनं गाडी कशी हाणली ते ती अजून सांगते, आणि दर वेळी रस्त्यावरची म्हैस थोडी आणखी मोठी होते.

बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघीच. मी डिचोलीत शाळेत शिकवते, माझी स्कूटर आहे. गाडी शिकवायचा आईनं खूप प्रयत्न केला, पण मी तुळशीवृंदावनाचा कोपरा उडवला तेव्हा तिनंच हात टेकले. आणि माझ्या स्कूटरवर मागे बसायला ती कधी तयार झाली नाही. म्हणायची, मी काय नारळाचं पोतं आहे, मागे टाकून न्यायला?

एका दुपारी माझी स्कूटर पंक्चर झाली. आई बाजारातून परत येणार होती, म्हणून मी रस्त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले. गाडी आली. आवाजावरूनच कळायची. मी हात केला. आई माझ्यासमोरून, हातभर अंतरावरून, निघून गेली. मी हाक मारली, धावले, काही उपयोग नाही. घरी येऊन तिला विचारलं तर म्हणाली, तू खंय होतीस? मला वाटलं चेष्टा करतेय. मग तिचा चेहरा बघितला, आणि दुसऱ्याच दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला लावलं.

डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली आहे आणि उजवीही कमी होत चालली आहे. थेंब घाला, जेवढी आहे तेवढी सांभाळा, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. आईनं मान डोलावली, बाहेर आली, पर्समधून चावी काढली आणि तीच गाडी चालवत आम्हाला घरी घेऊन आली. मी वाटभर देवाचं नाव घेत होते. घरी पोचल्यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझा राग गावाला ठाऊक आहे. पण आईपुढे तो चालत नाही. ती कधी कबूलच करायची नाही. कधी काच मळलेली असायची, कधी ऊन डोळ्यावर यायचं, कधी चष्मा फेकून द्यायच्या लायकीचा असायचा. चावी काढून घे, असं सांगणारे बरेच भेटले. त्यांना म्हटलं, या, तुम्हीच काढून घ्या. कुणी आलं नाही.

शेवटी एवढं ठरलं. ती म्हणाली, "गाडी दारात आसा तोपर्यंत मी चालवतलंय. ती गेली काय माझा चालवणा संपला."

मला पडत्या फळाची आज्ञा. लगेच चार ठिकाणी सांगून ठेवलं.

पहिला आला तो साखळीचा जुन्या गाड्यांचा दलाल. तो बॉनेटवर टकटक करतोय तोच आई सोप्यावरून उतरली आणि तिनं गाडीच्या खोडी सांगायला सुरुवात केली. तिसरा गिअर सुटतो, गुडघ्यानं दाबून धरावा लागतो. पावसात वायपर एकदाच जातो आणि मग विचार करतो. मागची काच खाली केली तर वर येत नाही. हे सगळं ती इतक्या मायेनं सांगत होती की दलाल तिच्याकडेच बघत राहिला. चहा पिऊन गेला, पुन्हा फिरकला नाही. मग कारापूरचं एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. त्यांना तर गाडी आवडली होती. आईनं त्या मुलीला हाताला धरून मागं नेलं, फळी उचलून खालची जमीन दाखवली. झालं. मुलगी नवऱ्याकडे बघून हसली आणि दोघं आली तशी परत गेली.

मी कपाळावर हात मारून घेतला. आई, अशानं ही गाडी कुणी भंगारात तरी घेईल का? तर म्हणे, फसवून दिलेली वस्तू सुखानं नांदत नाही. हे खरं असेलही, पण मला दुसरंच दिसत होतं. सौदा मोडला की दुसऱ्या दिवशी सकाळी तिची चाल बदललेली असायची. पाव संपले, अमुकतमुक हवं, असं काहीतरी काढून ती गाडी घेऊन बाहेर पडायची, आणि मी शाळेत मुलांना बेरजा सांगत रस्त्यावरच्या प्रत्येक ब्रेकच्या आवाजाला दचकायचे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातली गत. तिला गाडी द्यायचीच नव्हती, आणि मला तिचा जीव हवा होता. एवढी साधी गोष्ट आम्ही दोघी एकमेकींना सांगू शकत नव्हतो.

मग तो आला. चंदगडकडचा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. चाळिशीचा असेल. बायको घरी भाकरी-भाजीचे डबे करते, ते हा पाळीच्या वेळेला कारखान्यांत पोचवतो. मोटरसायकलवर पावसात हाल होतात, म्हणून चार चाकं आणि वर छप्पर असलेलं काहीही चालेल म्हणाला. आईनं नेहमीचं कीर्तन सुरू केलं. तो ऐकत राहिला. फळी उचलून दाखवली तेव्हा म्हणाला, मागची सीट तसंही काढणारच आहे, डबे ठेवायला सपाट जागा लागते, पत्रा मी मारून घेईन. हॉर्नचं ऐकून हसला. आईच्या खोडी संपल्या, हा काही जायचं नाव घेईना. पैसे फारच थोडे होते, त्यावरून कुणी घासाघीस केली नाही. मी तर तो नको म्हणायच्या आत हो म्हणून मोकळी झाले.

चावी द्यायची वेळ आली आणि घोडं अडलं. आईनं चावी मुठीत घट्ट धरली.

"चावी दिवची नाय," ती म्हणाली. "गाय देतत, दावां नाय."

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं. गाय दिली तरी तिचं दावं देत नाहीत, ते गोठ्यात खुंटीला राहतं, नाहीतर घराची बरकत जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं असतं. विकली असंही म्हणत नाहीत, दिली म्हणतात. पण म्हणून गाडीला? माझं डोकंच सरकलं. मी म्हटलं, आई, ही काय चारा खाते? चावीशिवाय तो गाडी काय डोक्यावर घेऊन जाईल? हा सौदा मोडायचा नवा डाव आहे, अशी माझी खात्रीच झाली होती. एवढा समजूतदार माणूस, तोही आता वैतागून जाणार, आणि उद्या सकाळी पाव संपणार.

तो मात्र शांतपणे चप्पल नीट करत उभा होता. मग म्हणाला, "बरोबर हाय की मावशी. दावं कोण देतंय? आमच्याकडं पण न्हाईत देत. माझं मी करून घेतो."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या दिवसांत गाडीवरून तिला बरोबर म्हणणारा हा पहिलाच माणूस.

आता त्याच्यासाठी दुसरी चावी करायची म्हणजे डिचोलीच्या बाजारात किल्लीवाल्याकडे जायला हवं, आणि आपली चावी आई दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार नाही. म्हणजे गाडी कोण नेणार ते उघड होतं. मी आडवी आले. नको, मुळीच नको, किल्लीवाल्याला इथं बोलावू. तेवढ्यात तो म्हणाला, चला, मी पुढं बसतो. आणि डावीकडचं दार उघडून आत बसलासुद्धा. मी मागे, फळीवर पाय ठेवून.

आईच्या डोळ्याबद्दल मी त्याला अक्षर बोलले नव्हते. पण पहिल्याच वळणावर ती मान पूर्ण फिरवून डावीकडे बघते हे त्यानं टिपलं असणार. मग तो बोलायला लागला. तसं बघितलं तर इकडचं तिकडचंच. मावशी, डावीकडं सायकलवाला हाय, बिचारा किती लांबनं येत असंल. ह्या बाजूला कुत्रं झोपलंय बघा, निवांत. आता डावीकडनं टिपर येतोय, येऊ दे त्याला आधी. आई हं हं करत होती, ब्रेक लावत होती, गिअर गुडघ्यानं दाबत होती. बाजारापर्यंत तो असंच बोलत राहिला आणि ती अशी चालवत राहिली की तिला डावीकडचं दिसत नाही असं कुणाला वाटलं नसतं. मागे बसून मला रडू येत होतं. आपण एवढे दिवस तिच्यावर ओरडलो, तिच्या डावीकडे जाऊन बसावं हे आपल्याला सुचलं नाही, असं वाटत राहिलं.

किल्लीवाल्यानं चावी घासून दिली. आईनं ती लावून बघितली, इंजिन सुरू झालं, मग बंद करून ती चावी तिनं त्याच्या तळहातावर ठेवली आणि आपली पर्समध्ये टाकली. उतरली. गाडीला वळसा घालताना बॉनेटवर हात ठेवत ठेवत आली, आणि डाव्या सीटवर बसली. घरी त्यानं आम्हाला सोडलं. आईनं हळदकुंकू आणून बॉनेटला बोटं टेकवली, त्याला दोन नारळ दिले आणि सांगितलं, बाबा, चढावर तिका घाई करू नको. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी आवाज बराच वेळ येत होता. आई तो संपेपर्यंत उभी होती. रात्री जेवली नाही. मी आग्रह केला नाही.

पुढच्या आठवड्यात म्हापशाला डोळे दाखवायचे होते. मी रजा टाकली, टॅक्सी बघते म्हटलं. तर नको. बसनं जाऊया, मी काय आजारी आहे? इस्त्रीची साडी, केसात अबोली, ताठ मान. थांब्यावर माझ्या चार पावलं पुढे जाऊन उभी राहिली, मी तिला आणलेलं नाही हे लोकांना कळावं म्हणून. एक बस आली. आईनं झोकात हात केला. ती कारखान्याची बस होती, काचेवर मोठ्ठी पाटी होती. थांबली नाही, अंगावर वारा घालून निघून गेली. थांब्यावरचे दोघं-तिघं हसले. आईचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला.

मी पर्स उघडून तिकिटाचे सुट्टे पैसे मोजायला लागले.

वळणावर दुसरी बस दिसली. आई मागे सरकत सरकत माझ्या शेजारी आली. रस्त्याकडेच बघत, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "ती खंयची गो? तू वाच. माका दिसणा नाय."

म्हापसा आई, मी म्हटलं. म्हापशाचीच आहे. मी हात केला, बस थांबली. पायरी उंच होती. मी तिच्या डाव्या बाजूला गेले आणि तिचा दंड धरला, आणि तिनं तो झटकला नाही.