ती म्हणाली, मी एकटी आहे

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळतात. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे जरा थांबून आठवावं लागतं. पनवेलमधलं हे प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे, आणि त्यात आम्ही शेवटी कोणालाही अटक केली नाही.

मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होतो. नव्या विमानतळावर चाचणीची विमानं उतरायला लागली होती, त्यामुळे ज्यात विमानाचा उल्लेख असेल असा प्रत्येक फोन आम्ही गांभीर्यानं घेत होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना ठाणे अंमलदारानं मला खूण केली. नियंत्रण कक्षाकडून एक निनावी खबर आली होती. खांदा कॉलनीतल्या एका बाईचे विमान पळवणाऱ्या माणसाशी संबंध आहेत आणि तो अजून तिला फोन करतो, अशी. बाईचं नाव आणि इमारतसुद्धा दिली होती.

मी रेकॉर्डिंग मागवून घेतलं. आवाज उतारवयातल्या पुरुषाचा, रागानं कापणारा. "ती पुढं बसली होती. तो तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. पानी पयलं तिला दिलं. बाकीच्या बाया बगत रायल्या. आमाला नुसता तिचा अंबाडा दिसत होता आन् त्याचा हात."

मी ते दोनदा ऐकलं. पोलिसांना खबर देणारा माणूस सहसा ऐकीव सांगतो. हा बघितलेलं सांगत होता, तेही मागच्या बाजूनं बघितलेलं. म्हणजे तो स्वतः त्या विमानात होता.

चौकशी केली तेव्हा कळलं, की ती बाई आणि तिचा नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी एका अपहृत विमानात ओलीस होते. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. नवऱ्याचा कळंबोलीत ट्रान्सपोर्टचा धंदा, आणि निनावी फोन ज्या मोबाईलवरून आला त्याचं लोकेशन कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळचं. खबर देणारा कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण प्रकरण तिथं मिटेना, कारण बाईचा सीडीआर, म्हणजे फोनवरच्या कॉलची नोंद, काढला तर खबरेतली निम्मी गोष्ट खरी निघाली. परराज्यातल्या एका नंबरावरून तिला नेमानं फोन येत होते, आणि ते दुपारीच, नवरा कामावर असताना. दहशतवादविरोधी पथकाला कळवून मी आधी नवऱ्याला बोलावलं.

तो आला तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, ताठ. वडिलांची भातशेती आणि मिठागर नव्या वसाहतीसाठी सरकारनं घेतलं, त्या मोबदल्यातून यानं ट्रक घेतले, धंदा वाढवला. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून मी विचारलं, "फोन तुम्हीच केलात ना?"

"केला. काय चुकीचं बोललो?"

"विमानात काय झालं ते सांगा."

तो सांगत गेला. अपहरणकर्त्यांनी आधी पुरुष मागं नेले आणि बायका-मुलं पुढं बसवली. नवरा-बायकोच्या जोड्या मुद्दाम तोडल्या. पुरुषांनी मान खाली घालून, हात डोक्यावर ठेवून बसायचं. मान वर केली की पाठीत बंदुकीचा दस्ता. एका डॉक्टरला त्यांनी जेवण वाटायला लावलं, तर थोड्या वेळानं लोक त्या डॉक्टरचाच राग करायला लागले. पाणी सगळ्यांना पुरेल एवढं होतं, पण ते निवडून निवडून द्यायचे. ज्याला मिळालं त्याच्याकडे बाकीचे वैऱ्यासारखे बघायचे.

"आन् हिला मिळालं," तो म्हणाला. "मी मान तिरकी करून बगत होतो. त्यानं हिला इचारलं, साथ में कौन है? ही बोलली, कोई नहीं, अकेली हूँ. माज्या कानानं ऐकलं साहेब. अंगाची हळद निघाली नव्हती आमची. मग त्यानं पानी दिलं. हिनं घेतलं."

"बायकोला कधी विचारलंत?"

"एकदाच. काय बोलत होता तो, म्हणून. बोलली, काय नाय, पाणी हवं का इचारत होता." त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. "आता डोक्यावरून इमान गेलं की गॅलरीत जाऊन उभी रायते. कोनाला शोधते? परवा दुपारी अचानक घरी गेलो तं सैपाकघराचं दार लोटून हिंदीत बोलत होती. पलीकडं बाप्याचा आवाज."

"मग तिलाच का नाही विचारलं? आम्हाला फोन कशाला?"

"मला खोटं सांगेल. तुमाला नाय सांगणार."

संशयानं पोखरलेले नवरे मी खूप पाहिले. मारझोड करणारे, पाळत ठेवणारे. या माणसानं बायकोवर कधी हात उगारला नव्हता. पण मेला की जिवंत आहे हेही ठाऊक नसलेल्या एका माणसाच्या हातातल्या पाण्यावर तो आयुष्यभर जळत राहिला होता.

बायकांचा जबाब त्यांच्या राहत्या घरी घ्यायचा असतो. महिला उपनिरीक्षकांना घेऊन मी दुपारी खांदा कॉलनीत गेलो. नवऱ्याला बाहेरच्या खोलीत बसवलं. बाई पनवेलच्याच, शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलणं स्वच्छ. मी फोनचा नंबर वाचून दाखवला.

"इंदूरचे एक गृहस्थ आहेत," त्या लगेच म्हणाल्या. "तेही त्या विमानात होते. आधी मी त्यांच्या पत्नीशी बोलायचे. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून ते फोन करतात."

"हे मिस्टरांना का सांगितलं नाही?"

उपनिरीक्षकांनी पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"त्यांची पत्नी माझ्या शेजारी बसली होती," त्या हळूहळू सांगू लागल्या. "रेडिओवर बोलणी फिसकटली तेव्हा त्यांचा म्होरक्या साथीदाराला म्हणाला, ते मी ऐकलं. एखादीचा नवरा पुढं आणा, बायको रडली की हे लोक ऐकतील. शेजारच्या बाईनं ते ऐकलं नाही, ती मुलीला थोपटत होती. त्या साथीदारानं आधी मला विचारलं, सोबत कोण आहे. मी म्हटलं, एकटी आहे. मग तिला विचारलं. तिला वाटलं, बिचारा चौकशी करतोय, नवऱ्याजवळ बसू देईल. तिनं मागं बोट दाखवलं."

"मग?"

"तिच्या नवऱ्याला, म्हणजे या इंदूरच्या गृहस्थांना, पुढं आणून मारलं. आमच्या समोर. एक कान कायमचा गेला, पाय अधू झाला. मी एकटी म्हणून त्याला माझी दया आली होती. पाणी दिलं. नको म्हटलं असतं तर परत विचारलं असतं, म्हणून घेतलं. पाणी पीत होते तेव्हा ती माझ्या शेजारी किंचाळत होती."

"पण घरात का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुमच्या वाटचा मार दुसऱ्यानं खाल्ला म्हणून? ते यांच्या शेजारच्याच सीटवर होते, साहेब. त्यांनाच का नेलं, हे यांना कधी कळलं नाही."

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. मी त्याला हटकलं नाही.

खात्री करणं आवश्यक होतं. इंदूर पोलिसांकडून ती नंतर झालीच, पण त्या क्षणी मी बाईंना स्पीकरवर फोन लावायला सांगितला. बाईंनी फक्त एवढं सांगितलं, की आज माझे मिस्टर समोर आहेत. पलीकडून ते गृहस्थ कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखे मोठ्यानं बोलू लागले.

"भाईसाहब, सच कहूँ? सारी उमर आपसे जलता रहा. बीवी से लड़ता था कि उसने झूठ बोला, तूने क्यों नहीं बोला. वो बेचारी सुनती रही. अब माफ़ी किससे माँगूँ?"

फोनपाशी वाकून नवरा नुसता "हाँ जी, हाँ जी" म्हणत राहिला.

खोटी खबर दिल्याबद्दल त्याला मी लेखी समज दिली आणि तसा अहवाल पाठवला. विमान सुटलं की ओलीस सुटले असं आपण धरून चालतो. त्या लोकांनी तिथं केलेली वाटणी इंदूरला एका घरात आणि खांदा कॉलनीत दुसऱ्या घरात तशीच चालू होती, आणि दोन्हीकडच्या पुरुषांना वाटत होतं की चांगला वाटा दुसऱ्याला मिळाला. नंतर अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात मला जेव्हा जेव्हा बोलावलं, तेव्हा वाटाघाटी आणि सुटकेच्या बरोबरीनं मी हेही सांगत आलो, की सुटलेल्यांना एकमेकांशी बोलतं करा, नाहीतर ते घरी जाऊन कैदेतच राहतात.

त्या दुपारी आम्ही पायात बूट घालत होतो तेव्हा नवऱ्यानं बायकोला विचारलेलं मला ऐकू आलं. "तुला भीती नाय वाटली, एकटी हाय असं बोलताना?"

"वाटली ना," ती म्हणाली. "तुम्ही मागून मला हाक माराल, याची."