फत्तेसिंगचे निरोप

"दादा, जरा रस्त्यावरून फिरवून आणतो गाडी. मशीन मांडीवर ठेवतो, डोळा त्याच्यावरच राहील."

"आणि रस्त्यावर कोण डोळा ठेवेल? तुझा बाप?"

खापर गावच्या रस्त्याकडेला गॅरेज, गॅरेजमागे पत्र्याच्या आड चूल. पारुबाई भाकरी थापत होती, तिथेच तिच्या कानावर हे भांडण पडलं. डाफरणारा आवाज तिच्या नवऱ्याचा, फत्तेसिंगचा. गाडी मागणारा दानियलचा. दानियल नवापूरकडचा, रविवारी चर्चला जाणारा, हसरा गडी. दोघांनी मिळून गॅरेज टाकलं, आणि ट्रकचं दुखणं सांगणारा स्कॅनरही मिळूनच घेतला. त्याची तार गाडीला जोडली की पडद्यावर आकडे उमटायचे आणि बिघाड कुठे आहे ते कळायचं.

फत्तेसिंगचं म्हणणं एकच. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही. वाचायला शेजारी दुसरा माणूस हवा. त्या दिवशी तो स्वतः दुसऱ्या ट्रकखाली अडकलेला, आणि दानियलला घाई. दोन ड्रायव्हर चहा पीत बघत होते. त्यांच्यादेखत फत्तेसिंगने दानियलच्या हातातून तार हिसकून घेतली.

"चार माणसांत मला शाळा शिकवतो?" म्हणत दानियलने पिशवी उचलली. पारुबाई पिठाच्या हातांनी बाहेर येते तोवर तो सागबाऱ्याच्या जीपमध्ये बसलाही होता. तिकडेच, गुजरातच्या हद्दीत, त्याने आपलं गॅरेज टाकलं.

आता फत्तेसिंग कसा होता म्हणाल, तर भित्रा. स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्यासाठी. गाडी सपाट जागेवर घेणार, न्यूट्रल करणार, हँडब्रेक ओढणार, चाकांना लाकडी ठोकळे लावणार. एवढं झालं तरी मशीन जोडणार नाही. आधी ट्रकला फेरी मारून पत्र्यावर थापा देणार, "कोण झोपलंय रे खाली?" आपल्याकडची माणसं दुपारची सावली बघून ट्रकखालीच अंग टाकतात ना! एकदा खालून कुत्रं निघालं. त्याचीही झोप मोडली म्हणून याने त्याला अर्धी भाकर दिली. पारुबाईच्या वाटणीची.

दानियल गेला तरी काम काही अडलं नाही. ड्रायव्हर गाडी चालवायचा, फत्तेसिंग शेजारी बसून आकडे मोठ्याने वाचायचा. पण आकडा वाचला की जरा थांबायचा. दानियल असता तर तिथे काहीतरी टोमणा मारला असता. नव्या ड्रायव्हरला काय ठाऊक, इथे आपण बोलायचं असतं म्हणून? तो मुकाट्याने चालवत राहायचा. मग फत्तेसिंग पुढचा आकडा हळू आवाजात वाचायचा.

फोन दोघांकडे होते. पण फोनवर आधी कुणीतरी 'हॅलो' म्हणावं लागतं, आणि ते आधी कोण म्हणणार? म्हणून निरोप जायचे करणसिंगबरोबर. करणसिंग शहाद्याकडचा ड्रायव्हर, कापसाच्या गाठी घेऊन गुजरातेत जायचा.

"त्याला विचार, सायलेन्सरमधली काजळी जाळताना गाडी मोकळ्या मुरमावर नेतो का? सायलेन्सर लालबुंद तापतो. उसाच्या पाचटाजवळ नको म्हणावं."

परतीच्या फेरीत करणसिंग खिदळत सांगायचा, "काका, दानियलभाऊ म्हने, म्हाताराले सांग, पंखाजवळ जाशी तं आपली लुंगी सांभाळ!"

त्या दिवशी फत्तेसिंग दोन घास जास्त जेवायचा.

"अरे, सागबारा काय लंकेत आहे?" पारुबाई म्हणायची. "जीपमध्ये बस नि जा. नाहीतर सरळ सांगून पाठव, ये म्हणून."

"मी का सांगू? तार मी ओढली, पण पिशवी त्याने उचलली."

असा न्याय! आणि हाच न्यायाधीश संध्याकाळी सागबाऱ्याकडून येणारी प्रत्येक जीप थांबली की मान वर करून बघायचा. उतरणारा दुसराच कुणी निघाला की पान्ह्यावरचं तेल पुसत बसायचा. पान्हा कधीचा कोरडा असायचा.

या थंडीत फत्तेसिंग गेला. दुपारी छातीत कळ आली, अक्कलकुव्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. कुणीतरी दानियलला फोन केला. तो आला, अंगणात बसला.

"वहिनी," मग म्हणाला, "त्याचे निरोप सगळे पोचले मला. एकातही 'ये' नव्हतं."

"तुझ्या एकात तरी 'येतो' होतं का?"

दानियलने विचारलं, "शेवटच्या दिवशी सकाळी करणसिंग गेला ना इथून? मी चर्चमध्ये होतो, गाठ पडली नाही. काय सांगितलं होतं त्याने?"

पारुबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याला काय ऐकायचंय ते तिला कळत होतं. पण गेलेल्या माणसाच्या तोंडी आपला शब्द कसा घालावा? जे झालं तेच तिने सांगितलं.

त्या सकाळी ती नवऱ्याला म्हणाली होती, "आज तरी सांग रे." तो उठून बाहेर गेला. करणसिंगच्या ट्रकच्या पायरीवर चढला, दार धरून उभा राहिला. ऐकू यावं म्हणून करणसिंगने इंजिन बंद केलं. फत्तेसिंग सागबाऱ्याच्या रस्त्याकडे बघत राहिला, तोंड उघडलं, मिटलं.

"त्याला म्हणावं," तो म्हणाला, "थंडी आहे म्हणून शेड बंद करून आत इंजिन चालू ठेवू नको. धूर कोंडतो. माणूस झोपल्यासारखा होतो नि उठत नाही."

करणसिंगने मान हलवली. ट्रक वळणाआड जाईतो फत्तेसिंग रस्त्याच्या कडेला उभा राहिला, रोजच्यासारखा. मग चहा गार झाला म्हणून पारुबाईवरच करवादत आत आला.